व्हर्ना कोलारिकचा पांढरा रंग

आमच्या लिंडन फॉल्समध्ये सिनेमातली बाई उघड्या खांद्यांनी कधी आलीच नाही. कॅलिफोर्नियाहून निघताना ती कशी का असेना, आमच्या 'हेरल्ड'मध्ये छापून यायच्या आधी तिला व्हर्ना कोलारिकच्या टेबलावरून जावं लागायचं, आणि व्हर्ना तिला कपडे घालायची. अगदी खरेखुरे. गुरुवारी थिएटरची जाहिरात आली की बारीक ब्रश घ्यायचा आणि जेवढं उघडं असेल तेवढं रंगानं झाकायचं. कुणाला कॉलरचा ब्लाउज, कुणाला लांब बाह्या. एकीला तर बाहेर बर्फ पडत होतं म्हणून चक्क लोकरीचा कोट घातला होता.

आता हे काही व्हर्नाच्या डोक्यातून निघालेलं खूळ नव्हतं. पेपरच्या मालकीण एडिथ कॉनवेबाई, चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणाऱ्या. त्यांनी ठणकावून सांगितलेलं, "माझ्या पेपरात नीट कपडे घातल्याशिवाय कोणी पाऊल टाकायचं नाही." आणि साल होतं सत्तर. सिनेमावाल्यांनी सगळा ताळतंत्र सोडलेला, दर आठवड्याला कापड कमी होत चाललेलं. व्हर्नाची मान दुखून यायची बिचारीची.

पण तिचा बाप शिंपी होता, बोहेमियाहून आलेला, तेव्हा अंगावर काहीतरी फासून मोकळं व्हायचं हे तिला जमायचं नाही. काज, बटणं, चुण्या, सगळं जागच्या जागी. शुक्रवारचा पेपर आला की गावातल्या बायका सिनेमा कुठला हे नंतर बघायच्या, आधी कॉलर बघायच्या. एकदोघींनी तर त्यावरून शिवूनसुद्धा घेतलं.

थिएटरवाला मानोस मात्र चिडायचा. ग्रीक माणूस, आवाज मोठा. जिना चढून यायचा आणि दारातूनच सुरू करायचा, "अगं बाई, लोक तिकीट काढून आत बसतात आणि दोन तास तुझा ब्लाउज शोधतात! बाहेर आले की माझ्याशी भांडतात!"

"ब्लाउज बघायला आले म्हणजे सज्जन लोक आहेत," व्हर्ना मान वर न करता म्हणायची. "त्यांच्याशी नीट बोलत जा."

"एकदा तरी एखादीला गारठू दे की!"

"आयोवात? जानेवारीत? न्यूमोनिया होईल तिला."

मानोस हात जोडायचा, हसायचा आणि तिच्या डब्यातला 'कोलाच', म्हणजे जर्दाळू भरलेला गोड पाव, उचलून जायचा. हे भांडण म्हणजे दोघांचा विरंगुळा होता. व्हर्नानं लग्न केलेलं नव्हतं, म्हाताऱ्या बापाचं करण्यात दिवस गेले, आणि तो गेल्यावर घरात बोलायला मांजरसुद्धा नाही. त्यामुळे कोणी येऊन ओरडून गेलं तरी तिला बरं वाटायचं.

सिनेमाच्या बायका हे झालं गुरुवारचं काम. बाकी आठवडाभर फोटो. पेपरातल्या फोटोची तेव्हा दशा काय असायची हे आजच्या लोकांना सांगून पटणार नाही. जाड कागद, जाड ठिपके. आहे तसा फोटो छापला तर माणूस कुठला आणि मागचं झाड कुठलं हे कळायचं नाही. म्हणून व्हर्ना फोटोवरच काम करायची. पाण्यात कालवलेला पांढरा रंग घ्यायचा आणि मुख्य माणूस सोडून आजूबाजूचं सगळं पुसून टाकायचं. नाजूक कड असेल तिथे ब्रशच्या आधी पात्याचं टोक फिरवायचं, म्हणजे रेघ स्वच्छ येते. तिच्या हाताला तोड नव्हती. पुढाऱ्याची दुसरी हनुवटी, पाद्रीबाबांच्या बोटांतली सिगारेट, शाळामास्तरांसमोरचा बियरचा ग्लास, असलं कितीतरी तिनं गुपचूप नाहीसं केलं.

आणि माणसं. माणसं तर किती काढली असतील! 'हेरल्ड'चा नियमच होता, फोटोग्राफरनं ज्याचं नाव विचारलं नाही तो पेपरात जायचा नाही. मग तो पुढाऱ्याच्या शेजारी उभा असो नाहीतर त्याच्या कडेवर असो. संपादक हॅल बेकमन फोटोवर लाल पेन्सिलीनं गोल करायचा आणि म्हणायचा, "व्हर्ना, ह्याला ठेव, बाकीची गर्दी काढ." व्हर्ना गर्दी काढायची. त्यात वाईट वाटण्यासारखं काही आहे असं तिला कधी वाटलं नाही. खोटं कशाला बोला, तुम्हाआम्हालाही वाटलं नसतं.

त्या वर्षी सप्टेंबरात एक बाई जिना चढून वर आली. शेतावरची. हात लाल, खरखरीत. चर्चला घालायचा निळा कोट घातलेला आणि पर्स पोटाशी धरलेली. अल्मा टोर्गरसन तिचं नाव. तिकडे उत्तरेला नॉर्वेजियन लोकांची वस्ती आहे, तिथली. आधी खालच्या मजल्यावर कुणाला तरी भेटली होती, त्यांनी वर पाठवलं.

"फोटोंचं तुम्ही बघता ना?" तिनं विचारलं आणि पर्समधून एक कात्रण काढून टेबलावर ठेवलं.

व्हर्नानं लगेच ओळखलं. काँग्रेसमन, म्हणजे आमच्या भागाचा खासदार, वॉरन प्रुइट, जिल्ह्याच्या जत्रेत, आदल्या वर्षीच्या ऑगस्टमधला. हॅट घातलेला, पुढे झुकलेला, मनापासून हसणारा. प्रुइटचा इतका चांगला फोटो 'हेरल्ड'कडे दुसरा नव्हता. तो पुन्हा निवडणुकीला उभा होता, त्यामुळे दर आठवड्याला हाच छापून यायचा. मागे सगळं पांढरंशुभ्र. प्रुइटनं कुणाचा तरी हात हातात घेतलेला. त्या हाताचा माणूस नव्हता, तो मनगटाशी, शर्टाच्या कफाशी संपत होता.

"हा आमचा लाईल," अल्मा म्हणाली आणि त्या हातावर बोट ठेवलं.

व्हर्ना कात्रणावर वाकली.

"अंगठ्याचं नख बघा. नाहीये. मका काढायच्या यंत्रात गेलं, चौदा वर्षांचा होता तेव्हा. मी शेजारणींना दाखवते तर हसतात. म्हणतात, अल्मा, अगं तो नुसता हात आहे. पण हात कळतो ना आईला." तिनं कात्रण सरळ केलं. "एप्रिलमध्ये गेला तो. व्हिएतनाममध्ये."

व्हर्नानं खुर्ची पुढे केली, पण ती बसली नाही.

"सैन्यातला फोटो आहे माझ्याकडे, शाळेतलाही आहे. पण सगळ्यांत तोंड मिटलेलं. पुढचा दात अर्धा तुटलेला ना त्याचा, पंपाचा दांडा लागून. लाजायचा. फोटो म्हटलं की ओठ असे घट्ट. आणि ह्या दिवशी ह्या काँग्रेसमननं काय विनोद केला देव जाणे, पण लाईल दात विसरून हसला. मी ॲपल पायच्या स्टॉलवर होते, लांबून बघितलं मी. समोर तुमचा फोटोवाला उभा होता. बाई, मला फक्त तो बाकीचा अर्धा फोटो द्या. पैसे देईन मी."

बाकीचा अर्धा!

व्हर्ना जुन्या फोटोंच्या खोलीत गेली. आधी मूळ फिल्म शोधली, पण फोटोग्राफर दर वर्षाच्या शेवटी फिल्मा टाकून द्यायचा. प्रुइटच्या पाकिटात तो एकच कागदी फोटो होता, तिनं स्वतः रंगवलेला. डावीकडे सगळा तिचाच पांढरा रंग, गुळगुळीत, एकसारखा. त्याखाली एक मुलगा होता आणि तिला त्याचा चेहरा आठवत नव्हता. तासभर त्याच्या अंगावरून ब्रश फिरवला असेल हिनं, पण काळा होता की गोरा, उंच होता की बुटका, काही म्हणजे काही आठवेना. तिला स्वतःची इतकी शरम वाटली की ती दिवा न लावता तिथेच उभी राहिली.

बाहेर येऊन तिनं फोटो दाखवला. लपवण्यात अर्थ नव्हता. अल्मानं तो पांढरा भाग पाहिला, हळूच हात लावून पाहिला.

"हे रंगवलेलं आहे?"

"हो. मीच."

"ह्याच्या खाली आहे तो?"

"आहे," व्हर्ना म्हणाली. "म्हणजे, असायला हवा. रंग पाण्यानं सुटतो. पण कड काढताना मी पातं फिरवते. पातं जिथे लागतं तिथला फोटो खरवडून जातो, मग तो परत येत नाही. आणि मी कुठे कुठे फिरवलं ते मला आता आठवत नाही. खोटी आशा लावत नाही तुम्हाला."

"चेहऱ्यावर फिरवलं असेल?"

"असू शकतं."

अल्मानं मान हलवली. व्हर्नाला वाटलं, हिनं मला दोन शिव्या घालाव्यात. तसं काहीच न करता ती म्हणाली, "शनिवारी अंडी घेऊन येते गावात. तेव्हा येऊ?"

व्हर्ना हॅलकडे गेली. दोघं एका वर्गात शिकलेली, त्यामुळे बोलणं सरळ.

"तुला वेड लागलंय का?" हॅल म्हणाला. "तो फोटो धुतलास तर प्रुइटच्या मागे गर्दी उभी राहील. आणि डाग पडले तर? निवडणूक आहे नोव्हेंबरात! कॉनवेबाई माझं डोकं खातील."

"मुलगा गेलाय तिचा, हॅल."

"मला कळत नाही का? मला वाईट वाटत नाही का? पण नोव्हेंबर झाल्यावर धू ना. दोन महिन्यांनी काय बिघडतंय?"

"तिचं बिघडतंय."

"व्हर्ना, फोटो पेपरचा आहे. विषय संपला."

व्हर्ना हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. हॅलनं ते हो धरलं. इतकी वर्षं तिनं त्याचं प्रत्येक 'काढ' आणि 'ठेव' ऐकलेलं, त्याला वेगळं वाटायचं कारणच काय?

शनिवारचा अंक दुपारी छपाईला गेला की वरचा मजला ओस पडायचा. अल्मा आली तेव्हा खिडकीतून छान ऊन येत होतं, आणि व्हर्नानं टेबल पुसून तयारी करून ठेवली होती. कोमट पाण्याची वाटी, दात कोरायच्या काड्या, त्यांच्या टोकांना कापूस गुंडाळलेला, आणि तो फोटो. तिनं आदल्या रात्रीच सुरुवात करून बघायचं ठरवलं होतं, पण हात धजावला नव्हता. ते तिनं सांगूनही टाकलं.

"बरं केलंत थांबलात," अल्मा म्हणाली आणि या वेळी कोट काढून बसली.

व्हर्नानं हाताकडून सुरुवात केली. कफावरून कापूस फिरला, पांढरं विरघळलं, आणि चौकड्यांची बाही दिसली. कापूस बदलायचा, पुन्हा ओला करायचा, टिपायचा. फार पाणी झालं तर फोटो फुगतो, म्हणून नखाएवढं नखाएवढं पुढे जायचं. कोपर आलं. खिसा आला, त्यात पेन्सिल.

"माप घ्यायला ठेवायचा," अल्मा म्हणाली. "डुकरांची खोपटी बांधत होता. अर्धी राहिलीय तशीच. एनार हात लावू देत नाही कुणाला."

एनार म्हणजे नवरा. त्यानं एप्रिलपासून जेवढ्यास तेवढं बोलायचं ठेवलं होतं, हे तिनं नंतर सांगितलं.

खांदा आला, मान आली. मग व्हर्नाचा हात थांबला. आता चेहरा. प्रुइटची हॅट ह्या मुलाच्या तोंडाच्या अगदी जवळ होती, आणि हॅटची कड म्हणजे पात्याची जागा. तिनं काडी वाटीच्या काठावर ठेवली.

"मला नाही जमत," ती म्हणाली. "एक मिनिट थांबू या."

अल्मानं तिच्याकडे पाहिलं, मग वाटीकडे पाहिलं. "पाणीच पाहिजे का?"

"नाही. खरं म्हणजे थुंकी सगळ्यात चांगली. आम्ही धंद्यातले लोक तेच करतो, चारचौघांत सांगत नाही इतकंच."

"मग दे इकडे," अल्मा म्हणाली. कधी 'तू'वर आली तिलाही कळलं नाही. तिनं काडी घेतली, कापूस जिभेला लावला आणि मुलाच्या हनुवटीपासून पुसायला लागली. चर्चच्या दारात, शाळेच्या पायरीवर, मळलेलं पोरगं समोर धरून आया रुमालाचं टोक ओलं करतात ना, तशीच, तितक्याच सवयीनं. तिचे ते लाल जाड हात कुठेच चुकत नव्हते. व्हर्ना फक्त नवा कापूस गुंडाळून देत राहिली.

हनुवटी आली. खालचा ओठ आला. मग दात. एक पुढचा अर्धा तुटलेला, आणि तोंड चांगलं आ वासून उघडलेलं, पार मागची दाढ दिसेल एवढं हसू.

अल्मा हसली. मोठ्यानं हसली आणि तशीच रडायला लागली, आणि पुसायचं काही थांबवलं नाही. "बघ, बघ कसा हसतोय गाढव! बघ ना!" व्हर्ना बघत होती. तिचेही डोळे वाहत होते, आणि फोटोवर थेंब पडू नये म्हणून ती मान मागे घेऊन बघत होती.

नाक, गाल, बारीक केलेले डोळे. सगळं जागच्या जागी. फक्त वरती कपाळावर, जिथे प्रुइटच्या हॅटची कड लागली होती, तिथे भुवईतून केसांपर्यंत एक पांढरी रेघ गेलेली होती. तिथे खाली काहीच उरलं नव्हतं, नुसता कोरा कागद. ती पात्याची रेघ. व्हर्नाची.

"ही मी भरून देते," व्हर्ना घाईघाईनं म्हणाली. "राखाडी रंग लावून. कुणाला कळणारसुद्धा नाही, शप्पथ. माझं काम आहे ते."

अल्मा त्या रेघेकडे बघत राहिली. "तू त्याला कधी बघितलं होतंस?"

"नाही."

"मग कशानं भरशील?"

व्हर्नानं उचललेला ब्रश खाली ठेवला. "चुकलं माझं," ती म्हणाली. "तेव्हाच चुकलं."

"तुला काय माहीत होतं?" अल्मा म्हणाली. "राहू दे ती. आणखी काही घालू नकोस त्याच्यावर."

व्हर्नानं पातळ कॉफी आणली, ती पिऊन झाली. फोटो वाळला. आता प्रुइट आणि लाईल समोरासमोर हसत होते, मागे जत्रेची गर्दी, तंबूचा दोर, कुणाच्या तरी पाठीचा तुकडा. पेपरच्या दृष्टीनं फोटोची वाट लागली होती. सोमवारी हॅल काय बोलेल ते व्हर्नाला बसल्या जागी ऐकू येत होतं. बोलू दे.

"आणखी एक विचारू?" अल्मा म्हणाली. "म्हणजे, होत नसेल तर नाही म्हण."

"विचार ना."

"ह्याला काढता येईल?" तिनं काँग्रेसमनवर बोट ठेवलं. "राग नाही माझा. त्यानं माझ्या लाईलला हसवलं, मी कशाला रागावू? पण तो दर आठवड्याला पेपरात असतो. घरात टीव्ही लावला की असतो. त्याच्याकडे फोटो काही कमी नाहीत. मला भिंतीवर नुसता माझा मुलगा पाहिजे."

व्हर्नानं तिच्याकडे पाहिलं, फोटोकडे पाहिलं, आणि पांढऱ्या रंगाची बाटली उघडली. ह्या खेपेला कुणी लाल गोल काढून दिला नव्हता. पातं तिनं ड्रॉवरमध्ये टाकलं. मग एकेक काढत गेली, आधी हॅट, मग ते प्रसिद्ध हसू, मग कोट, टाय, खांदा. निवडून आलेला माणूस, पण रंगाला त्याचं काय. दंडावरून ब्रश खाली उतरला, कफापर्यंत आला, आणि बोटांवर टेकणार तेवढ्यात अल्मानं तिचं मनगट धरलं.

"हात राहू दे त्याचा," ती म्हणाली. "लाईलचा हात रिकामा दिसायला नको."